ट्रॅक्टरच्या डब्यातलं ऑइल

आमचं गॅरेज अंबड एमआयडीसीत, आतल्या गल्लीत. समोर पावडर कोटिंगवाला, शेजारी लेथवाला. डिसेंबरातली सकाळ होती. साडेआठला शटर वर करायला गेलो, तर दारात काळी ऑक्टाव्हिया आरएस उभी. गाडीला टेकून पंचविशीचा पोरगा मोबाइल बघत होता, आणि पुढच्या सीटवर कानटोपी घालून, दोन्ही हात काखेत दाबून त्याचे वडील बसलेले. निफाडच्या बाजूचे द्राक्षवाले. त्या पट्ट्यात अशा दिवसांत पहाटे पारा पाच-सहाच्या घरात असतो, आणि त्या थंडीतून निघालेला माणूस चहा पोटात गेल्याशिवाय बोलत नाही. आप्पाही बोलले नाहीत.

पोरगा बोलला. "दादा, सेकंड टाकला की कर्र्र करतो. एका ठिकाणी दाखवली. ते म्हणाले सिंक्रो गेले, गिअरबॉक्स उतरवायचा." सिंक्रो म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा. पुढे त्याने खर्चाचा जो आकडा सांगितला त्यात एक चांगली सेकंडहॅण्ड मारुती आली असती.

ही गाडी मला आवडते, हे आधीच सांगून टाकतो. शेंद्र्याला जुळलेली, १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर, पाच गिअरचा हाताने टाकायचा बॉक्स. आता वीस वर्षं होत आली तरी नाशिकमध्ये चार-पाच जणांनी जीव लावून ठेवल्यात. याने रिमॅपही केली होती, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली होती. अशा गाडीचा बॉक्स केवळ अंदाजाने उतरवायला माझा हात धजत नाही.

आधी क्लच बघितला. गाडी जागेवर उभी, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबायचं आणि सावकाश रिव्हर्स टाकायचा. तिथेही घासलं, तर क्लच नीट सुटत नाही असं समजायचं. बॉक्स बिचारा उगाच बदनाम होतो. इथे रिव्हर्स गुपचूप पडला. मग मी चालवायला बसलो, पोरगा शेजारी. पाथर्डी फाट्यापर्यंत सेकंड पडताना असं वाटत होतं की दांडा काकवीत रुतलाय. हायवेला लागून विल्होळीपर्यंत गेलो, बॉक्स गरम झाला, दांडा हलका झाला. मला वाटलं, आता सुटलं. पण परत येताना तिसऱ्यातून झटक्यात दुसरा टाकला, आणि पुन्हा तेच, कर्र्र.

माझं डोकं तिथे अडकलं. नुसतं जाड ऑइल असेल तर गरम झाल्यावर तक्रार मिटायला हवी. सिंक्रो पार गेले असतील तर थंड काय, गरम काय, हळू टाकतानाही आवाज यायला हवा. इथे हळू टाकला तर बिनआवाज आणि घाईत टाकला तर ओरड.

"गिअर ऑइल कधी बदललं?"

"दिवाळीच्या आधी," पोरगा म्हणाला. "रिमॅप केलीय ना, म्हणून हेवी टाकलं. जीएल-५. पंच्याऐंशी एकशेचाळीस."

जीएल म्हणजे गिअर ऑइलचा वर्ग, आणि पुढचे आकडे त्याच्या घट्टपणाचे. या गाडीला जीएल-४ लागतं. मागून आप्पांचा पहिला शब्द आला. "मीच दिला डबा. ट्रॅक्टरसाठी आणलेला, निम्मा उरला होता."

गाडी लिफ्टवर घेतली. इथे एक सवय सांगतो, ती माझ्या हाताखालच्या पोरांना मी ओरडून लावलीय: आधी वरचा भरायचा बोल्ट खोलायचा, तो सुटला याची खात्री झाली की मगच खालचा. खालून सगळं सांडून बसायचं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघायचा, म्हणजे गाडी लिफ्टवर आणि गिऱ्हाईक बाकावर, दोघेही संध्याकाळपर्यंत.

ऑइल निघालं ते आधी धारेने नाही, दोरीसारखं निघालं. वास सुतळी बॉम्ब फुटल्यावर गल्लीत राहतो तसा, गंधकाचा. जीएल-४ लाही वास असतो, पण इतका नाकात बसत नाही. थोडं ऑइल स्टीलच्या ताटलीत घेऊन उन्हात तिरकं धरलं. सोनेरी चमक होती, मेंदीच्या कोनातल्या चमकीहून बारीक. ताटलीखालून जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. काळसर गाळ चुंबकामागे सरकला, सोनेरी कण जागचे हलले नाहीत. म्हणजे पितळ, सिंक्रोच्या रिंगांचं. पण भुकटी होती. कपचे नव्हते, दाताचा तुकडा नव्हता. रिंगा झिजायला लागल्या होत्या, गेल्या नव्हत्या.

आप्पा आता गाडीखाली येऊन उभे होते. "मिस्तरी, एक सांगा. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर त्या ऑइलवर नांगर ओढतो. मग या डबड्याला काय होतं?"

आता याचं उत्तर सिंक्रोचं चित्र काढून देता येतं, पण चित्र बघून माणूस मान डोलावतो आणि विसरतो. मी चहाचे दोन स्टीलचे पेले मागवले. कोरडे पेले एकात एक दाबून बसवले आणि वरचा फिरवला, तर खालचाही सोबत फिरला. "हा सिंक्रो. दांडा ओढला की ही पितळी रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, घासून त्याला आपल्या वेगावर आणते, आणि मग दात दातात जातात. घासणं हेच तिचं काम." मग आतल्या पेल्याला बाहेरून ताटलीतलं ऑइल चोपडलं आणि पुन्हा बसवला. वरचा पेला नुसता गरगर फिरत राहिला. आप्पांनी माझ्या हातातून पेले घेतले, दोनदा स्वतः करून बघितलं, आणि कानटोपी काढली.

पोराचं म्हणणं वेगळं होतं. पाच म्हणजे चारच्या वरचं, नाही का? हा समज इतका पसरलाय की दुकानदारसुद्धा तेच सांगतात. जीएलचे आकडे शाळेच्या इयत्ता नाहीत. जीएल-५ बनलं ते हायपॉइड गिअरसाठी. आपल्या सातपूरच्या कारखान्यातून निघणाऱ्या थार, स्कॉर्पिओ घ्या. मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यात, पिनियन हा छोटा गिअर मोठ्या चाकाच्या मध्यरेषेवर नसतो, खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर लोळत नाहीत, घसटतात, आणि एवढ्या दाबात ऑइलचा थर फाटतो. तिथे गंधक-फॉस्फरसचं मिश्रण धातूवर स्वतःचा एक थर चढवतं आणि दात वाचवतं. जीएल-५ मध्ये ते जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. आरएसचं इंजिन आडवं, डिफरन्शियल बॉक्सच्याच पोटात, आणि त्याचे दात साधे तिरपे, हेलिकल. तिथे हायपॉइड नाहीच. मग ते औषध द्यायचं कशाला?

राहिली पितळ खाण्याची गोष्ट. गंधक तांब्या-पितळेला लागतं हे खरं, म्हणून तर तांब्याची पट्टी १२१ अंशांच्या ऑइलमध्ये तीन तास बुडवून ती किती काळवंडते ते तपासतात. पण आजची बरीच जीएल-५ त्या परीक्षेत नीट पास होतात. माझ्या मते लोक पितळेचं फार घेऊन बसतात. दोन महिन्यांत या पोराला जो त्रास झाला तो निसरडेपणाचा होता. रिंग घसरत राहिली, दात एकमेकांवर आपटत राहिले, आणि त्या झटापटीत झीज झाली. थंडीतली काकवी ही त्यात भर. डब्ल्यूचा आकडा थंडीतल्या घट्टपणाचा. ८५डब्ल्यूची मर्यादा उणे १२ अंशांवर तपासतात, ७५डब्ल्यूची उणे ४० वर. निफाडला बर्फ पडत नाही, मान्य. पण पहाटे सहा अंशांत पाच मिनिटं गाडी चालवली की फरक मनगटाला कळतो. आणि या गाडीला लागणाऱ्या ७५डब्ल्यू-९० मधला नव्वद बघून कोणी दचकू नये. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. त्यातलं ९० इंजिन ऑइलच्या ४०-५० इतकंच घट्ट असतं.

हे सगळं मी मोठ्या रुबाबात सांगत होतो, आणि सांगता सांगता मला एक जुनी दुपार आठवली. नाशिकला राष्ट्रीय रॅलीची फेरी व्हायची तेव्हा मी सर्व्हिस पार्कात फुकट राबायला जायचो. एका टीमची सुबारू इम्प्रेझा होती. गिअरबॉक्स म्हणजे जीएल-४, असं घोकलेलं, म्हणून मी डबा घेऊन तयार. त्यांच्या म्हाताऱ्या मिस्तरींनी माझं मनगट धरलं. काही बोलले नाहीत, शेजारी उघडून ठेवलेला जुना बॉक्स बोटाने दाखवला. सुबारूचं पुढचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आतच असतं, ते हायपॉइड, आणि दोघांना ऑइल एकच. म्हणून कंपनी तिथे ७५डब्ल्यू-९० जीएल-५ च सांगते आणि सिंक्रो त्याला धरूनच बनवते. त्या दिवशी माझा डबा आत गेला असता, तर पुढच्या स्टेजला पिनियनची काय अवस्था झाली असती कुणास ठाऊक. तेव्हापासून मी गाडीचं नाव ऐकून ऑइल सांगत नाही, आत कोणते गिअर आहेत ते आधी विचारतो.

द्वारकेजवळच्या दुकानात पोराला पाठवलं. त्याचा तिथून फोन. "दादा, हे म्हणतात या डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलंय, दोन्हीकडे चालतं." दोन्ही लिहिलेलं असेल तर आत मसाला पाचचा आहे असं धरून मी तो डबा परत ठेवायला लावतो. शेवटी ७५डब्ल्यू-९०, सिंथेटिक, नुसतं जीएल-४, असं दोन लिटर मिळालं. लिटर हजाराच्या पुढे गेलं, पण बॉक्स उतरवण्यापुढे ते चहापाणीच. त्याआधी साधं ८०डब्ल्यू-९० जीएल-४ भरून गाडी अर्धा तास फिरवली आणि तेही काढून टाकलं. जुनं जाड ऑइल कोपऱ्याकोपऱ्यात चिकटून राहतं, ते धुऊन निघायला हवं.

चारच्या सुमारास पोरगा गाडी घेऊन त्र्यंबक रोडला गेला. तासाभराने आला तेव्हा हसत होता. तिसऱ्यातून दुसरा, झटक्यात, आवाज नाही. मी त्याला सांगितलं, उद्या पहाटे गार गाडीत पुन्हा बघ. दुसऱ्या दिवशी फोन आला: पहिल्या दोन-तीन वेळा सेकंड किंचित अडतो, मग नाही. तेवढी झीज झालीच आहे, ती ऑइलने भरून येणार नाही. वर्षभर चालव, मग बघू, असं म्हणालो. पुढेमागे एलएसडी, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देणारं डिफरन्शियल, बसवायचंही त्याच्या डोक्यात आहे. त्यात क्लच प्लेटवालं घेतलंस तर ऑइलचं गणित परत मांडावं लागेल, एवढंच बजावून ठेवलंय.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. पैसे देऊन झाल्यावरही आप्पा बाकावरून उठेनात. ते दोन पेले अजून त्यांच्या हातात होते.

"मिस्तरी, त्या डब्यातलं निम्मं मी ट्रॅक्टरच्या मागं टाकलंय."

"जुना ट्रॅक्टर ना? मग चालतंय की."

"जुना विकला. नवा आहे, दोन वर्षं झाली. ऑइल ब्रेकचा."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. ऑइल ब्रेक म्हणजे ब्रेकच्या चकत्या मागच्या ॲक्सलच्या ऑइलमध्येच बुडलेल्या. त्यांना धरायचं, सोडायचं, सगळं त्या ऑइलमध्येच. त्याला ट्रॅक्टरचं वेगळं ऑइल येतं, हायड्रॉलिकला आणि ब्रेकला दोन्हीला चालणारं.

"आप्पा, ब्रेक दाबल्यावर आवाज येतो का?"

"रेडकू ओरडतंय असं वाटतं. मला वाटलं नवीन आहे, बसेल हळूहळू."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच बंडीच्या खिशातून फोन काढला आणि गड्याला लावला. "अरे, ब्लोअर जोडला का? सोड. उद्याची फवारणी शेजारच्या ट्रॅक्टरवर कर. आपला हलवू नको, मी येतोय."