हो, मी शिकारीचा गेम खेळते

लग्नकार्यात, पक्षिनिरीक्षणाच्या सहलीत आणि आता तर भाच्याच्या मित्रांकडूनही तोच प्रश्न येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, सूर तोच. "तू वनरक्षकाची मुलगी, मेळघाटात वाढलेली, मटण खात नाहीस, कुणी घरट्याजवळ मोबाइल नेला तरी खेकसतेस. आणि रात्री कॉम्प्युटरवर हरणं मारत बसतेस?" मग एक बारीकसं हसू. प्रश्नाचं काही नाही, त्या हसण्याने डोकं फिरतं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते. पुढच्या लग्नात निदान निवांत जेवता येईल.

शिकारीचा गेम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जीपमधून धाडधाड गोळ्या झाडणारं कुणीतरी येतं. मी खेळते तो 'दहंटर: कॉल ऑफ द वाइल्ड', २०१७ साली आलेला, स्वीडनमधल्या एका स्टुडिओने केलेला. त्यात गोळी सुटणं हा सगळ्या वेळातला चिमूटभर भाग. बाकी वेळ तुम्ही चालत असता. चालत तरी कुठे, वाकून सरकत असता आणि शेवटी शेवटी पोटावर. पडद्याच्या खालच्या अंगाला तुमचा आवाज किती होतोय आणि तुम्ही किती दिसताय हे कळत राहतं, होकायंत्रापाशी वाऱ्याची दिशा कळते. झुडपात शिरलात तर दिसत नाही, पण पानं वाजतात. झुडूप टाळलंत तर आवाज नाही, पण उघड्यावर आलात. आणि हे सगळं जमवून आणलंत तरी मध्येच वारा फिरतो, तुमचा वास तुमच्या आधी पोचतो आणि समोरचं सगळं कुरण रिकामं होतं. अर्धी रात्र पाण्यात.

खेळणारी पोरं वेगळं विचारतात. "मावशी, रांगता कशाला? एटीव्ही घ्या ना!" मिळते एटीव्ही, म्हणजे रानात चालणारी छोटी चारचाकी, वेगळे पैसे भरून. तिच्यावर बसून हिर्शफेल्डन, म्हणजे गेममधलं जर्मन रान, अख्खं पालथं घालता येईल आणि मला काय दिसेल? पळणाऱ्या हरणांचे पार्श्वभाग. शिवाय एकाच जागी सारखी जनावरं पाडली की नकाशावर तिथे जांभळा डाग चढत जातो आणि शेवटी कळप ती जागाच सोडतात. चरायची, पाणी प्यायची, बसायची त्यांची ठिकाणं आणि वेळा ठरलेल्या असतात. त्या शोधून काढण्यात आठवडे गेलेले असतात आणि हावरटपणा केला की ते सगळं मातीत. हे मी नेहमी बचावासाठी पुढे करते, की बघा, गेमच कत्तल करू देत नाही. बचाव लंगडा आहे, मला कळतं. कत्तल करू देत नाही म्हणजे मारू देत नाही असं नाही.

खरं कारण सांगायचं तर मला दिसेनासं व्हायला आवडतं. मी दिवसभर काउंटरवर बसते. समोरच्याला मी दिसावी, ऐकू यावी, हसावी अशी अपेक्षा असते. घरी आले की "आई कुठे आहेस" सुरू. त्या गवतात मात्र मी कुणालाच दिसत नाही. फॅलो हरणांची एक माळ समोरून जाते, शेवटची मादी थांबून माझ्याच दिशेने बघते आणि पुन्हा चरायला लागते, तेव्हा जो आनंद होतो तो मला दुसरीकडे कुठे मिळत नाही. जंगलात मिळायचा. पण आता मेळघाटात पायी हिंडायला कोण देतंय? जिप्सीत बसा, गाइड सांगेल तिकडे बघा, ठरलेल्या वेळेला बाहेर या. वर्षातून एकदा बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला मचाण मिळालं तर मिळालं.

बाबांची सगळी नोकरी पायी गस्तीत गेली. उन्हाळ्यात सागाचा पाचोळा पडला की जंगलात आवाज न करता चालणं जवळपास अशक्य. एकेक पान पापडासारखं मोडतं. बाबा पाऊल आधी कडेवर टेकवायचे, मग हळूच सपाट करायचे. वाटेवरच्या दगडावरून दगडावर जायचे, नाहीतर नाल्याच्या वाळूतून. वारा बघायला बोटाच्या चिमटीतून माती सोडायचे. हे मी लहानपणी त्यांच्या मागून चालताना शिकले आणि चाळिशीनंतर एका जर्मन रानात, माउस हातात धरून, मला ते पुन्हा उपयोगी पडलं. हसा.

बाबांना आधी हे सगळं पोरकट वाटायचं. ठसे निळे चमकतात हे पाहून ते खो खो हसले होते. आयुष्यभर काचेवर वाघाचे पंजे गिरवून घेतलेला, प्लास्टरचे साचे काढलेला माणूस. पण एकदा स्पीकरमधून भुंकल्यासारखा आवाज आला आणि ते पेपर बाजूला ठेवून उठले. "भेकर हाय का?" भेकर नव्हतं, रो डिअर होतं, पण इशारा तोच. त्या दिवसापासून ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसू लागले. "हवा तुह्या पाठीवर हाय, वळसा घाल." "थांबनं, त्यानं कान फिरवला." मी वाऱ्याची खूण बघायच्या आधी ते गवताच्या हलण्यावरून सांगायचे. आई आतून ओरडायची, तुम्ही दोघं झोपणार आहात की नाही?

ती रात्र सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर असलं तर तिथेच कुठेतरी आहे.

हिर्शफेल्डनमध्ये एक लाल हरणाचा नर होता. लाल हरीण म्हणजे आपल्या सांबराचाच भाऊबंद, तसाच भारी मानेचा. तळ्याच्या एका कोपऱ्यावर तो पाण्याला यायचा हे मला कळलं होतं, पण तिथे पोचायची वाट उघड्या कुरणातून. बाबा म्हणाले, वरून ये, झाडीच्या काठाने. आम्ही तसे आलो. 'आम्ही' म्हणजे मी, पण त्या रात्री मला आम्हीच वाटत होतं. झाडी संपली तिथे मी पोटावर झोपले. सरकायचं, थांबायचं, दुर्बीण लावायची. माद्या आधी आल्या. एकीने मान वर केली की मी हात कीबोर्डवरून उचलायचे, जणू त्याचाही आवाज तिला जाईल. बाबा मागे श्वास रोखून. मग तो आला. पाण्यात तोंड घातलं, वर काढलं, पुन्हा घातलं. मी .२७० रायफल काढली, खांद्यामागची जागा धरली आणि घोडा ओढला त्याच क्षणी तो एक पाऊल पुढे टाकून वळला.

गोळी लागली, पण मागे, पोटात. कळप उधळला.

या गेममध्ये जखमी जनावर लगेच पडत नाही. त्याचा माग काढावा लागतो. रक्ताचा थेंब सापडला की त्यावरून कळतं, रक्त किती जातंय, गोळी कशाला लागली असावी. मी पहिल्या थेंबापाशी बसले आणि मागून बाबांचा आवाज आला, "फेस हाय का रक्तात?"

मला समजलं नाही.

"फेस असला तं फुप्फुसात लागली, लांब जात नाही. काळं असलं, घाण वास असला तं पोटात. मंग दिवसभर चालते ते."

गेममधल्या रक्ताला फेस नसतो. वास तर नाहीच. मी पडद्यावर जे लिहून आलं होतं ते वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. मी मागावर निघाले. ओढा, चढण, पाईनची झाडी, पुन्हा ओढा. प्रत्येक थेंबापाशी थांबत होते आणि ते मागे गप्प. मला वाटलं झोपले. वळून पाहिलं तर टक लावून पडद्याकडे बघत होते आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कुणीतरी भरमार बंदुकीने एका सांबर मादीवर बार टाकला होता. बार ऐकून बाबा गेले, माणसं पळाली, मादी जखमी होऊन निघून गेली होती. ते सकाळपासून तिच्या रक्तावर चालले. संध्याकाळी ती एका नाल्यात सापडली, बसलेली, डोळे उघडे. वॉकीटॉकी नव्हता, डॉक्टर तालुक्याला. ती मरेपर्यंत ते तिथे बसून राहिले. तरस येऊ नये म्हणून, म्हणाले.

मला ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. आईलाही नाही, हे नंतर कळलं.

तोवर माझा नर सापडला होता. झाडीत आडवा, मेलेला. जवळ जाऊन बटण दाबलं की पडद्यावर जनावराचं चित्र येतं, आत हाडं आणि अवयव दिसतात, गोळी कुठून कुठे गेली ती रेघ दिसते आणि गुण मिळतात. माझी रेघ पोटातून आरपार गेली होती. शिंगांना रौप्य मिळालं. बाबा ती रेघ बघत राहिले. मग म्हणाले, "कायले मारलं व त्याले?"

मी म्हटलं, "बाबा, खोटं आहे ते."

"ते मले समजते. तुले इचारलं."

आणि उठून झोपायला गेले.

याआधी मला कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. चित्र आहे, प्राणी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने खऱ्या शिकारीला आळा घातला ते बरंच झालं, मी त्याच्याच बाजूची. बुद्धिबळात घोडा मरतो तेव्हा तुम्ही प्राणिमित्र संघटनेला फोन करता का? हे वाक्य मी इतक्यांदा वापरलंय की माझी मुलगी ते माझ्याआधी म्हणते. वाक्य चुकीचं नाही. पण बुद्धिबळातला घोडा मान वर करून कान फिरवत नाही. तो पाणी प्यायला येत नाही. ज्या गोष्टीमुळे मला हा गेम आवडतो, म्हणजे जनावर खरं वाटणं, तीच गोष्ट मी भांडणात नाकारायची. दोन्ही हातांनी घ्यायचं हे बरं नव्हे.

मग तुम्ही म्हणाल, बंदूक ठेव, नुसती दुर्बीण घेऊन फीर. फिरले. बाबांच्या त्या प्रश्नानंतर बरेच दिवस फिरले. वारा बघायची, सरकायची, जवळ जायची, बघायची, परत यायची. आणि मला कबूल करायला आवडत नाही, पण हळूहळू मी ढिली पडले. वाकून जायच्या ठिकाणी उभी चालू लागले. वाऱ्याची खूण बघेनाशी झाले. कळप पळाला तर पळाला, काय बिघडलं? पुढे काही पणाला लागलेलं नसलं की माझं लक्षच लागत नाही. हे माझ्याबद्दल फार चांगलं सांगत नाही. बाबा आयुष्यभर बंदुकीशिवाय त्याच लक्षाने चालले, हातात फक्त काठी. पण त्यांच्यासाठी पणाला लागलेलं खूप काही होतं, ते मी कुठून आणू?

म्हणून पुन्हा रायफल घेतली. आता मी वाईट कोनातून गोळी झाडत नाही, जनावर पूर्ण आडवं उभं राहीपर्यंत थांबते आणि पुष्कळदा तसंच परत येते. यात मी सुधारले असं समजू नका, यात गुणही जास्त मिळतात. बाबा अजून मागे खुर्ची टाकून बसतात. वारा सांगतात, वाट सांगतात, मादी बिथरली की चुकचुकतात. मी रायफलवर हात नेला की त्यांना पाणी प्यायचं आठवतं. आम्ही यावर बोलत नाही.

"निदान आपल्याकडचे प्राणी तरी नाहीत ना" हा माझा शेवटचा आडोसा होता, तोही गेला. या गेममध्ये नेपाळचा एक नकाशा आला, सुंदरपाटण नावाचा. त्यात नीलगाय आहे, काळवीट आहे, बारशिंगा आहे. भेकरही आहे. मी तो घेतला. का घेतला विचारू नका, सेलमध्ये होता. नीलगाईचा माग काढला, अगदी जवळ गेले, रायफल उचलली आणि ठेवली. दुसऱ्या दिवशी उचलली आणि ठेवली नाही. पहिल्या दिवशी तत्त्व आठवलं होतं की नुसती दमले होते, मला सांगता येणार नाही.

त्या नकाशात वाघही आहे. हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही आणि तुम्हीही कृपा करून सांगू नका.