बुंदीचा फॉर्म

माझ्या कुत्रीच्या, बुंदीच्या नसबंदीचा फॉर्म आणून फ्रीजवर ठेवलाय आणि येताजाता बघतेय. भूल द्यायला संमती, ऑपरेशनला संमती, काही झालं तर दवाखाना जबाबदार नाही, खाली सही. व्हेट चांगले आहेत, घाई अजिबात केली नाही, घरी नेऊन शांतपणे वाचा म्हणाले. वाचला. परत वाचला. पोट तिचं, टाके तिला पडणार आणि सही माझी, हेच काही केल्या पचनी पडत नाहीये.

त्यात ती सध्या अशी वागतेय. हीट, म्हणजे माज, संपून दोनेक महिने होत आले आणि आता माझा एक लोकरी मोजा तिने दिवाणाखाली नेऊन ठेवलाय. आधी पुढच्या पायांनी जुनी चादर खरवडून खरवडून खळगा केला, मग मोजा तोंडात इतका हलका धरून नेला की एक धागा निघाला नाही, आणि आता त्याच्याभोवती वेटोळं घालून पडलेली असते. मधूनच उठून चाटते त्याला. मी हात घातला तर गुरगुरली, माझ्यावर! पोटाला हात लावला तर दूध आलेलं. फॉल्स प्रेग्नन्सी. व्हेटनी समजावलं की कुत्रीचं असंच असतं, हीटनंतर पिल्लं राहोत न राहोत शरीरात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गरोदरपणाचं हार्मोन, दोनेक महिने चढंच असतं आणि ते उतरलं की शरीराला वाटतं आता पिल्लं झाली. म्हणजे आतून काही फरकच कळत नाही. दूध पिळू नका, पिळलं की अजून येतं, दोन-तीन आठवड्यांत ओसरेल, मोजा हळूच काढून घ्या. मी मान डोलावली. मोजा अजून तिथेच आहे.

"एकदा तरी पिल्लं होऊ दे गं तिला, मग कर काय ते," आई म्हणाली. बुंदीकडे बघत म्हणाली की माझ्याकडे, जाऊ दे.

एकदा पिल्लं झाली की कुत्रीची तब्येत चांगली राहते असं खालच्या काकूही सांगतात. मी विचारलं व्हेटना. त्याला काही आधार नाही म्हणाले, उलट एवढ्याशा पॉमेरेनियनला पिल्लं अडून सिझर करायची वेळ येऊ शकते. आणि न करण्यातला धोकाही सांगितला. पायोमेट्रा. दर हीटनंतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, मग एखाद्या वेळी जंतू शिरून आत पू साठतो, कुत्री खाणं सोडते, पाणी मात्र ढसाढसा पिते, आणि घरच्यांना वाटतं उन्हाळा आहे म्हणून पितेय. तेव्हा हेच ऑपरेशन करावं लागतं, फक्त आजारी अंगावर, घाईघाईत. पहिल्या हीटच्या आधी केलं तर स्तनांच्या गाठींची भीती जवळपास जाते, पण ती आमच्याकडे आली तीच मोठी होऊन, त्यामुळे तो विषयच नाही.

म्हणजे डोक्याला सगळं पटलंय. तरी पेन हातात घेतलं की नको वाटतं.

माझ्या वेळच्या फॉर्मवर मिलिंदने सही केली होती. मी आत होते. शुद्धीवर आले तेव्हा सगळं ठरून, होऊन गेलेलं होतं. त्याच्यापुढे तरी दुसरं काय होतं, मला कळतं ते, पण कळणं वेगळं. आता तर तो इथे नाही आणि हे माझ्याच गळ्यात आलंय, दादा फोनवर "करून टाक, काय एवढं" म्हणून मोकळा, आई रुसलेली, आणि दिवाणाखाली ही. रात्री खूप रडू आलं. कोणासाठी ते नक्की सांगता येणार नाही.

सकाळी दूध आणायला गेले तर गल्लीतली भटकी कुत्री, काळी, गेटवर. तिला महापालिकेची गाडी घेऊन गेली होती, ऑपरेशन करून नियमाप्रमाणे परत आमच्याच गल्लीत आणून सोडली, खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं. तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं, कारण दर खेपेची तिची पिल्लं पावसात गटाराशेजारी कुडकुडताना मी बघितलीत आणि त्यातली बहुतेक कशी गेली तेही. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. आज ती ऐन रस्त्यात उताणी पडून ऊन खात होती, रिक्षावाले तिला वळसा घालून जात होते, आणि कापलेल्या कानावर माशी बसली की तो कान तेवढा हलायचा. मी बराच वेळ उभी राहिले, पिशवीतून दूध गळतंय हेही कळलं नाही.

बुंदीला घरी आणलं तेव्हाही तिला कुठे विचारलं होतं मी. बास्केटमध्ये घातलं आणि आणलं. आता माझ्या ताटातलं तिला लागतं, माझ्या पायाशी झोपते, तर भीतीही माझ्याच वाटणीची. ती घेऊनच सही करायची. आज केली.

लगेच नाहीच होणार. दूध पूर्ण आटल्याशिवाय व्हेट हात लावणार नाहीत, आणि दिवाळीच्या आधी मीच नको म्हटलं, फटाका वाजला की ती पलंगाखाली झेप घेते, ताज्या टाक्यांनिशी नको. आधी रक्ततपासणी करायची. एवढंसं अंग भुलेत पटकन गार पडतं, तर खाली गरम पॅड असतं का ते विचारायचं राहिलंय. आणि उपाशी नक्की किती तास ठेवायचं तेही, लहान कुत्र्यांची साखर उतरते.

आईला सांगितलं सही केली. काही बोलली नाही. मग दुपारी शिवणाची टेप घेऊन बुंदीची छाती मोजत होती. गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर घालून बिचारीला पाणीसुद्धा पिता येणार नाही, म्हणून जुन्या सुती साडीचं झबलं शिवणार आहे. "बंद पाठीवर घेते, पोटाला काही लागायला नको," म्हणाली, आणि मग मला, "तू तिचे पुढचे पाय धर नीट, हलतेय ती."