एका लिटरला किती युनिट?

विजेवरची गाडी (ईव्ही) घ्यावी, पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड घ्यावी की पेट्रोलचीच बरी, यावरच्या चर्चा बहुधा शोरूममधील किमतीपासून सुरू होतात आणि बॅटरीच्या भीतीपाशी येऊन थांबतात. माझ्या मते हिशेब दुसऱ्याच टोकाने मांडायला हवा. गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि दिवसाला किती धावणार, हे ठरले की निम्म्याहून अधिक निर्णय झालेला असतो. इंजिन, मोटर आणि कंपनी हे विषय त्यानंतरचे.

आधी इंधनाचे पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत 9 युनिट, ऊर्जा असते. पण तिचा बहुतांश भाग उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जातो आणि शहरातील रहदारीत चाकांपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा पोहोचतो. विजेच्या गाडीत हेच प्रमाण 80 टक्क्यांच्या वर असते. मध्यम आकाराची ईव्ही 100 किलोमीटरसाठी बॅटरीतून साधारण 15 युनिट घेते. चार्जिंगमध्ये होणारी दहाएक टक्के गळती धरली, तर मीटरवरच्या एका युनिटमागे 6 किलोमीटर पडतात. त्याच आकाराची पेट्रोल गाडी लिटरला 15 आणि चांगली हायब्रिड 24 किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देते असे मानले, तर पेट्रोल गाडीचा एक लिटर अडीच युनिटांच्या बरोबरीचा ठरतो आणि हायब्रिडचा चार युनिटांच्या. यात ज्याने त्याने आपल्याकडचे दर घालावेत. चार युनिटांचे पैसे एका लिटरच्या पैशांपेक्षा कमी असतील, तर धावण्याच्या खर्चात ईव्ही हायब्रिडलाही मागे टाकते. चार युनिट महाग पडत असतील, तर ती केवळ साध्या पेट्रोल गाडीपेक्षा स्वस्त राहते, आणि अडीच युनिटसुद्धा लिटरहून महाग असतील, तर तेही नाही.

येथेच रात्रीच्या जागेचा प्रश्न येतो. घरच्या मीटरवरचा दर आणि रस्त्यावरच्या वेगवान चार्जरचा दर यांत अनेक ठिकाणी दुपटीहून अधिक अंतर असते, आणि जाहिरातीतला ‘किलोमीटरमागे इतका खर्च’ बहुधा घरच्या दरावर काढलेला असतो. स्वतःची पार्किंगची जागा आणि तिथे 15 अँपिअरचा प्लग असेल, तर आठ तासांत 20 युनिटांहून अधिक, म्हणजे सव्वाशेच्या आसपास किलोमीटरची वीज भरते. रोज 40-50 किलोमीटर फिरणाऱ्याला त्याहून अधिक काही लागत नाही. ज्याची गाडी रात्री रस्त्याच्या कडेला उभी राहते, त्याला मात्र वीज महाग पडतेच, शिवाय वेळही मोजावा लागतो. वेगवान चार्जर बॅटरी 80 टक्के भरल्यानंतर मंदावतो, कारण बॅटरीच्या भरत आलेल्या सेलमध्ये विद्युतप्रवाह तितक्याच जोराने ढकलत राहिल्यास लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचू लागते आणि सेल खराब होतो. चार्जिंगची वेळ सांगताना ‘10 ते 80 टक्के’ असे म्हणण्याचे कारण हेच आहे. अशा माणसाने ईव्हीच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. त्याच्यासाठी हायब्रिड आहे.

पण हायब्रिड या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमधील लहान मोटर इंजिनाला टेकू देते, एकटी गाडी ओढू शकत नाही, आणि तिची बचतही बेताचीच असते. केवळ त्या बिल्ल्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. खरी हायब्रिड म्हणजे 1997 मध्ये जपानमध्ये टोयोटा प्रिअसने रूढ केलेली रचना: एक-दीड युनिटची छोटी बॅटरी, ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवणारी मोटर, आणि कमी इंधनात चालेल असे बेतलेले इंजिन. तिला प्लग लागत नाही. तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिडचा. कागदावर तो सर्वांत आकर्षक दिसतो, पण मालकाने रोज प्लग लावला तरच. युरोपीय आयोगाने 2024 मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा गाड्यांचे उत्सर्जन चाचणीतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. प्लग न लावलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे जड बॅटरी वाहून नेणारी महागडी पेट्रोल गाडी होय.

रस्ता कोणता, यानेही उत्तर बदलते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 110 वर गेल्यास तो जवळपास दुप्पट होतो. पेट्रोल इंजिन शहरात इतके वाया घालवते की महामार्गावरच्या एकसारख्या, सलग चालीत त्याचे अ‍ॅव्हरेज उलट सुधारते. ईव्हीचे तसे नाही, तिची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, महामार्गावरच घटते. हायब्रिडलाही तिथे ब्रेकमधून मिळवण्यासारखे फारसे नसते, त्यामुळे जो बहुतेक अंतर मोकळ्या महामार्गावर कापतो, त्याच्यासाठी साधी पेट्रोल किंवा डिझेल गाडी आजही हिशेबात बसू शकते.

देखभालीत ईव्ही निश्चितपणे स्वस्त आहे: इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच यांचा खर्च नाही आणि ब्रेक पॅड पुष्कळ टिकतात. टायर मात्र वजनामुळे आणि मोटरच्या तडाखेबंद ओढीमुळे लवकर झिजतात. विम्याचा हप्ताही बरेचदा जास्त असतो, आणि ही बाब खरेदीच्या उत्साहात राहून जाते. म्हणून किमतीतील फरक, त्यावरचे कर्जाचे व्याज आणि विम्याचा जादा खर्च यांची बेरीज करून तिला किलोमीटरमागच्या बचतीने भागावे. येणारा आकडा गाडी आपल्याकडे असेतोवर धावणार असलेल्या अंतरापेक्षा मोठा असेल, तर ती बचत कागदावरच राहील.

उरला प्रश्न बॅटरीचा. बहुतेक कंपन्या तिच्यावर 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर अशी हमी देतात, आणि क्षमता साधारण 70 टक्क्यांच्या खाली गेल्यास ती लागू होते. ‘बॅटरी मेली की गाडी भंगारात’ ही भीती मला अतिरंजित वाटते. खरा तोटा पुनर्विक्रीत आहे. 2010 मध्ये बॅटरी संचाची किंमत क्षमतेच्या किलोवॅट-तासामागे 1,000 डॉलरहून अधिक होती, ती 2024 पर्यंत 115 डॉलरच्या आसपास आली. नव्या गाड्या त्यामुळे स्वस्त होतात आणि त्याच कारणाने जुन्यांचे भाव पडतात. नवी घेणाऱ्याला हे महागात पडते. वापरलेली घेणाऱ्याला तीच संधी असते, फक्त त्याने किलोमीटरच्या आकड्यावर न जाता बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल मागावा आणि बॅटरी थंड ठेवणारी द्रवप्रणाली आहे का, हे विचारावे. 2010 च्या पहिल्या निसान लीफ या ईव्हीमध्ये ती नव्हती, आणि उष्ण प्रदेशांत त्या गाड्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा बरीच लवकर घटली.