पाइप न्यायची केस : सांगलीत शोधली, मिरजेत शिवून घेतली

माझ्याकडं तंबाखू ओढायचे पाइप तीन. एक सरळ दांडीचा ब्रायरचा, म्हणजे एका झुडपाच्या मुळाच्या टणक लाकडाचा, एक बाकदार ब्रायरचाच, आणि तिसरा पांढरा, मीरशॉम नावाच्या मऊ दगडाचा, जो मामांनी बोटीवर नोकरीला असताना तुर्कस्तानात घेतलेला आणि पुढं मला दिला. कामासाठी मला सारखं सांगली-सातारा करावं लागतं, कधी एसटीनं कधी गाडीनं, आणि संध्याकाळी काम आटोपलं की कुठंतरी मोकळ्या माळावर बसून पाइप ओढायचा ही माझी लई जुनी आवड. आता पाइप, तंबाखू, तंबाखू दाबायचा टॅम्पर, नळी साफ करायचे क्लीनर, काडेपेटी हे सगळं बरोबर तर न्यायचं पण एकानं दुसऱ्याला ओरखडा नाही काढायचा, हे जमवायला मला बराच काळ गेला. आपल्या भागात पाइपवाले थोडे, दुकानात केस मागितली तर चष्म्याची दाखवतात, म्हणून म्हटलं जरा सविस्तरच लिहावं.

ऑनलाइन बघितलं तर साधारण तीन तऱ्हा दिसतात. चेनवाली कडक केस, आत इलॅस्टिकच्या पट्ट्यात दोन नाहीतर चार पाइप अडकवायचे. दुसरी गुंडाळायची, उलगडली की कप्पे आणि शेवटी वादीनं बांधायची. तिसरा कॉम्बो पाउच, एका बाजूला एक पाइप आणि दुसऱ्या बाजूला रबरी अस्तराचा तंबाखूचा कप्पा. कॉम्बो मी लगेच बाद केला. ओढून झालेल्या पाइपमध्ये ओल राहते, राखेचा कडवट वास राहतो, तो शेजारच्या तंबाखूत उतरणारच, आणि मुळात तंबाखूला हवाबंद जागा पाहिजे तर पाइपला थोडीतरी हवा पाहिजे, म्हणजे दोघांची गरजच उलटी. तंबाखू घट्ट झाकणाच्या छोट्या पत्र्याच्या डबीतच बरी.

मग चेनवाली एक मागवली. वर्णनात लिहिलेली लांबी होती बाहेरून मोजलेली, आत दोन्हीकडचा फोम वजा केला तर माझा साडेचौदा सेंटिमीटरचा सरळ पाइप जेमतेम तिरका बसायचा आणि बाकदार घातला की चेन लागायचीच नाही. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं की दांडी काढून ठेवा. हे मला अजिबात पटलं नाही, आणि का ते नीट सांगतो. पाइप ओढून झाला की लाकूड गरम असतं, ज्या भोकात दांडीचं टोक बसतं तिथं ओलही असते आणि लाकूड फुगलेलं असतं, अशा वेळी दांडी पिरगाळून ओढली तर ते टोक मोडतं नाहीतर लाकडाला चीर जाते. थंड व्हायला वेळ लागतो. प्रवासात बस लागलेली असते, लोक वाट बघत असतात, तेव्हा कोण थांबणार? त्यामुळं प्रवासाच्या केसमध्ये पाइप जोडलेलाच मावला पाहिजे ही माझी पहिली अट झाली आणि ती केस मी परत पाठवली.

घरी बसून मग पट्टी घेऊन मापं काढली. लांबी सगळेच मोजतात, पण महत्त्वाची निघाली ती जाडी. सरळ पाइपच्या बाउलची, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीची, उंची पावणेपाच सेंटिमीटर, पण बाकदार पाइप आडवा ठेवला तर बाउलच्या तळापासून दांडीच्या टोकापर्यंत जी उंची येते ती त्याहून बरीच जास्त. चपट्या केसमध्ये हा असा पाइप दाबून बसवला की सगळा जोर दांडीच्या सांध्यावर येतो. बाहेरनं काही कळत नाही, चेन लागली म्हणजे झालं असं वाटतं.

मापं घेऊन सांगलीत चामड्याच्या बॅगा शिवणाऱ्या एकाकडं गेलो. माणूस चांगला, हात चांगला, पण म्हणाला साहेब कोल्हापुरीचं चामडं घ्या, आयुष्यभर टिकतंय. ते चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, टिकतं हे खरंच, पण जाड आणि कडक, पाइपच्या पॉलिशला घासणार. आणि आपल्याकडं कृष्णाकाठचा पावसाळा असा की जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या पट्ट्यावर, चपलेवर पांढरी बुरशी धरते. तोंडात धरायची वस्तू त्यात ठेवायला माझं मन घेईना.

तेव्हा आमच्या एका गाणाऱ्या मित्रानं सुचवलं की मिरजेला जा. मिरजेची सतार-तंबोऱ्याची परंपरा सगळ्यांना माहितीच आहे, 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं, पण तिथं वाद्यांच्या गवसण्या आणि पेट्या करणारेही आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गेलो. गवसण्या शिवणाऱ्या चाचांचं वय सत्तरीच्या आसपास असेल, पाइप ओढणं त्यांना बिलकुल पसंत नाही हे त्यांनी आधीच तोंडावर सांगितलं, आणि मग बाकदार पाइप हातात घेऊन असा निरखायला लागले की मी बघतच राहिलो. बोटावर आडवा ठेवून तोल बघितला. तोल बाउलच्या जवळच येतो.

म्हणाले, "ह्याचं सगळं वजन इथं पुढं आहे. तंबोऱ्याचं भोपळ्यात असतंय तसं. भोपळा धरायचा असतोय, दांडी नुसती टेकवायची."

मी म्हटलं, "चाचा, विकतच्या केसमध्ये पट्टी दांडीवर असते."

"मग गाडी उडाली की मोडणार कुठं? दांडीतच की."

केसबद्दल जेवढं वाचलं होतं त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. केसनं बाउल धरला पाहिजे, दांडीला मोकळं सोडलं पाहिजे. चाचांनी वर्तमानपत्रावर पाइप ठेवून पेन्सिलनं कड काढली, कात्रीनं कापलं, तो कागद फोमवर ठेवला आणि बाउलपुरताच खोलगट खड्डा पाडला, दांडीच्या बाजूला फोम इतका खाली छाटला की टोक जवळपास अधांतरी राहतं. आतून फलालीन, बाहेरून जाड कॅनव्हास. चेनच्या आतल्या अंगाला कापडाची पट्टी शिवली म्हणजे दाते पाइपला लागत नाहीत. हे मी सांगितलेलं नव्हतं, त्यांच्या हातालाच ते माहिती.

बाकीच्या सामानासाठी मला वेगळी व्यवस्था हवी होती आणि ती सांगताना सोपं गेलं, कारण मी म्हटलं आतून चंचीसारखं करा. आमच्या आजीच्या चंचीत पान, सुपारी, चुना, तंबाखू, अडकित्ता प्रत्येकाला आपापला कप्पा असायचा आणि गुंडाळलं की काही सांडायचं नाही. चाचा हसले, लगेच कळलं त्यांना. तर झाकणाच्या बाजूला एक कापडी पट्टा झाला. त्यात एक लांबट कप्पा क्लीनरचा, कारण क्लीनर साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटरचे असतात आणि दुमडले की नळीत सरळ जात नाहीत. एक कप्पा टॅम्परचा, माझा घडीचा आहे, एकात तिन्ही, दाबायला, टोकरायला, खरवडायला, आणि तो स्टीलचा असल्यामुळं त्याच्या कप्प्यावर झडप पाहिजेच, सुटा राहिला तर बाउलवर रेघा मारतो. काडेपेटीला सगळ्यात शेवटचा कप्पा. तंबाखूची डबी मात्र केसच्या बाहेर, बॅगेत वेगळी.

मीरशॉमसाठी कप्पा करायचा का यावर माझं बरंच चाललं होतं. शेवटी नाही केला. तो दगड तुर्कस्तानात एस्कीशेहिरच्या आसपास निघतो, इतका मऊ की नखानंही ओरखडा उठतो, वर मेणाचा हात असतो आणि वापरता वापरता तो पिवळा, मग तपकिरी होत जातो. त्याची मामांनी दिलेली मखमली अस्तराची लाकडी पेटी आहे, अगदी त्याच्याच आकाराची, ती घरात आहे आणि घरातच बरी. एसटीच्या वरच्या रॅकवर ते धन ठेवायची माझी हिंमत नाही.

आता वापराचं. ब्रायर ओढून झाला की राख झाडायची, एक क्लीनर नळीतून फिरवायचा, मगच केसमध्ये. त्या दिवशी तोच पाइप परत नाही, दुसरा काढायचा, एक दिवस तरी सुकू द्यायचा, म्हणून दोन पाइपची केस ही माझ्या मते कमीत कमी गरज आहे, आणि चारची केस रोजच्या प्रवासाला ओझं. मुक्कामाला पोचलो की केस उघडून ठेवतो. माझ्या सरळ पाइपची दांडी व्हल्कनाइटची, म्हणजे रबर आणि गंधकाचा माल, ऊन लागलं की हिरवट-तपकिरी पडते, म्हणून केस गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही. या दांड्यांना गरम करूनच बाक देतात, तेव्हा मे महिन्यात बंद गाडीत तर सोडायचीच नाही. कॅनव्हासमधून थोडा वास येतो हे खरं, एसटीत शेजारच्याला त्रास नको म्हणून वर एक जाड प्लास्टिकची पिशवी घालतो आणि उतरलो की काढतो, नाहीतर आत घाम धरतो. आणि पोरं असलेल्या घरात केस आणि डबी दोन्ही कुलपात, तंबाखू पोटात गेली तर लहान पोराला विषच आहे ते.

खर्च हजाराच्या आत आला, परत पाठवलेल्या केसपेक्षा कमीच. साताऱ्याच्या एका दोस्ताकडं लांब दांडीचा, चर्चवॉर्डन म्हणतात तो पाइप आहे, माझी केस बघून तोही मागं लागलाय. त्याला कॅनव्हासची केस चालायची नाही, एवढ्या लांब दांडीला कडक नळीच पाहिजे. चाचांना विचारलं तर म्हणाले बासरीच्या पेटीसारखी करू, पण पाइप आणून हातात द्या, फोटोवर माप घेत नाही मी.