टॉपर पोरांना सेकंड इयरला कॉलेज बदलू द्या की

परवा मावसभावाचा इंजिनिअरिंग ॲडमिशनच्या कॅप राउंडचा, म्हणजे कॉलेजांची पसंती द्यायचा, ऑप्शन फॉर्म भरत बसलो होतो, समोर कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आणि मावशी दर पाच मिनिटाला "पुण्याचं लागंल ना रे?" पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं की ऑटो फ्रीज, म्हणजे तीच सीट पक्की, विषय संपला. तेव्हा मला आमच्या वर्गातला टॉपर आठवला.

त्याचं घर सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडं, वडील पॉवरलूमवर टॉवेल विणायचे. सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या दिवशी गड्याला १०२ ताप. तीन तासांचा, २०० मार्कांचा पेपर, पर्सेंटाइल घसरला, पुण्याचं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज सीओईपी हुकलं आणि तो आमच्यात आला. फर्स्ट इयरला दोन्ही सेमला पहिला, आणि दुसरा नंबर कुठंतरी लई खाली. ज्या पोरानं वर्षभर हे करून दाखवलं त्याची लायकी अजून त्या तापातल्या तीन तासांवरच ठरवायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही.

बरं, सेकंड इयरला दार नाहीच असंही नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेला, डिप्लोमाला मार्क चांगले ठेवले आणि थेट सेकंड इयरला सीओईपीत. १८५४ सालापासूनचं कॉलेज ते, गल्लीत पेढे वाटले, मीपण खाल्ले. त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, कष्ट केला त्यानं. पण डिप्लोमाच्या मार्कांवर जाता येतं तर बीईच्या फर्स्ट इयरच्या मार्कांवर का नाही?

कागदावर ट्रान्सफर असते म्हणून आम्ही दोघं चौकशीला गेलो होतो. तिकडं जागा रिकामी पाहिजे, सिलॅबस जुळला पाहिजे आणि दोन्ही कॉलेजचं एनओसी पाहिजे. आता नावाजलेल्या कॉलेजात रिकाम्या होऊन होऊन किती जागा होणार, आणि फर्स्ट इयरच्या ज्या काय शिल्लक राहतात त्या डिप्लोमावाल्यांच्या राउंडला जातात. एनओसी तर स्वतःच्याच कॉलेजनं द्यायचं, स्वतःचा टॉपर आणि त्याची तीन वर्षांची फी हातानं कोण सोडंल? खिडकीवरचे साहेब म्हणाले, सर आल्यावर या. सर काय आले नाहीत.

२०२१ ला अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, म्हणजे पास केलेल्या विषयांचे क्रेडिट खात्यात जमा करून दुसऱ्या कॉलेजात नेता यावेत अशी सोय, तेव्हा मला वाटलं आता झालं काम. पण क्रेडिट खात्यात जमा असले तरी तिकडच्या कॉलेजनं सीट द्यायला पाहिजे ना ओ.

अडचण आहे, नाही असं नाही. प्रत्येक युनिव्हर्सिटीचे मार्क वेगळे, ऑटोनॉमस कॉलेज स्वतःचे पेपर स्वतः काढतात, त्यात टर्म वर्क आणि ओरलचे मार्क कसे पडतात हे सबमिशनला रात्रभर फायली उतरवलेल्या माणसानं मला सांगू नये. म्हणजे सगळ्यांना एक कॉमन पेपर घ्यावा लागंल, एम-वन, एम-टू म्हणजे गणिताचे दोन पेपर, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल एवढ्यावरच. त्याचेपण क्लास निघतील, निघू द्या. प्रत्येक ब्रँचला दोन-चार जागा ठेवल्या तरी बास.

आणि खरं सांगायचं तर माझा यात तोटाच झाला असता. सेकंड इयरच्या गणिताच्या, एम-थ्रीच्या आदल्या रात्री आम्ही आठ जण त्याच्या घरी, शहाबादी फरशीवर खडूनं तो लाप्लास सोडवतोय, शेजारी लूम धडधडतोय त्यामुळं ओरडून शिकवतोय, फरशी भरली की ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुढचं गणित. आठातले सात पास निघालो, मी बरोब्बर चाळीसवर. असली पोरं गेली तर मागं राहिलेल्यांना केटीशिवाय, म्हणजे विषय राहण्याशिवाय, काय राहतंय, हा मुद्दा मला मान्यच आहे. पण आमच्या केट्या वाचवायला त्याला चार वर्षं अडकवून ठेवायचं हे काय बरोबर आहे का?

कारण फायनल इयरला काय झालं तर पूल कॅम्पससाठी, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या पोरांच्या एकत्र नोकरीच्या मुलाखतींसाठी, पहाटे उठून पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, इस्त्रीचा शर्ट पिशवीत, पुण्यात स्टेशनवर बदलायचा. एका कंपनीच्या फॉर्मला कॉलेज निवडायची यादी होती, त्यात आमचं नावच नाही. आमच्या टॉपरनं 'इतर' वर क्लिक केलं. मीपण तेच केलं, पण मला ते शोभत होतं.

शेवटी त्यानं एमटेकच्या प्रवेशाची गेट परीक्षा दिली आणि एमटेकला आयआयटीत गेला, महिना १२,४०० स्टायपेंड, पहिल्या महिन्याचे घरी पाठवले. म्हणजे बदली मिळाली, फक्त तीन वर्षं उशिरा.

सोलापूरच्या गड्डा यात्रेला आला होता तेव्हा विचारलो, सेकंड इयरला सोडले असते तर गेला असतास का. "त्याच दिवशी गेलो असतो बे," म्हणला. थोडं पुढं गेल्यावर म्हणला, "मग तुझं एम-थ्री कोण काढलं असतं?"