एक ‘ऱ्या’ आणि हरवलेल्या अकरा दुरुस्त्या

दिवाळी अंकाचं काम करणाऱ्यांना भाद्रपद म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. यंदा आमच्याकडे २६ लेख होते आणि ते सांभाळायला मी एकटी. कामांची यादी एका ॲपमध्ये, प्रत्येक लेखाची टीप दुसऱ्या ॲपमध्ये, संदर्भ झोटेरो या संदर्भ साठवायच्या ॲपमध्ये. मला एवढंच हवं होतं, की यादीतल्या ‘दुरुस्त्या घेणे’ या ओळीवर बोट ठेवलं की त्या लेखाची टीप उघडावी. टिपेचा दुवा कॉपी करायचा आणि कामाच्या वर्णनात चिकटवायचा. ही जोडणी एका रविवारी दुपारी झालीसुद्धा. लिहायचंय ते त्यानंतर गेलेल्या आठवड्याबद्दल, कारण तो राग अजून उतरलेला नाही.

‘दऱ्याखोऱ्यांतली शेती’ नावाचा एक लेख होता. लेखक जुन्नरकडचे, शेती खात्यातून निवृत्त झालेले. मी स्वारगेटला एसटीची वाट बघत असताना त्यांचा फोन आला. ते म्हणाले, “ताई, लिहून घेता का? अकरा जागा आहेत.” मी स्पीकर लावला, टिपांचं ॲप उघडलं आणि लेखाचं नाव टाइप केलं. ‘अशी टीप नाही’ असं आलं आणि खाली ‘नवी टीप तयार करा’. मला वाटलं, लॅपटॉपवरचं अजून फोनवर उतरलं नसेल, आपोआप जुळेल. नवी टीप केली आणि अकराही दुरुस्त्या नीट क्रमांक घालून लिहिल्या.

रात्री घरी लॅपटॉपवर यादीतल्या कामावर क्लिक केलं. टीप उघडली, पण तिच्यात दुरुस्त्या नव्हत्या. त्या दिवशी सात लेख हातात होते. या लेखाच्या दुरुस्त्या आधीच घेऊन झाल्या असाव्यात असं धरून मी तो मांडणीला पाठवून दिला. तीन दिवसांनी लेखकांना पानं गेली आणि त्यांचा पुन्हा फोन आला. “वरईच्या जागी अजून नाचणीच आहे हो. मी तर सावकाश सांगितलं होतं.” आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पुढचे चार दिवस मी सिंकच्या, म्हणजे फोन आणि लॅपटॉपवरच्या टिपा आपोआप जुळण्याच्या, मागे होते. ॲप काढून पुन्हा टाकलं, पासवर्ड बदलला, वायफाय बदलून पाहिलं. लॅपटॉपवर नाव शोधलं की एकच टीप सापडायची, दुरुस्त्या नसलेली. फोनवर शोधलं की तिथेही एकच, दुरुस्त्या असलेली. टिपांच्या ॲपच्या मदतकक्षाला सगळं चित्रांसह लिहून पाठवलं. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: फाइलींची नावं इंग्रजीत ठेवावीत. मराठी दिवाळी अंकाच्या संपादकाला हे उत्तर! का, याचं कारण नाही, काय बिघडलंय त्याचा शोध नाही. मी ते उत्तर तीनदा वाचलं आणि ठरवलं, आता हे मीच शोधणार.

आमच्या ॲपमधली प्रत्येक टीप म्हणजे मार्कडाउनची, म्हणजे नुसत्या मजकुराची, एक साधी फाइल. म्हणून ॲप बंद करून थेट फोल्डर उघडला. एकाखाली एक दोन फाइली: ‘दऱ्याखोऱ्यांतली शेती’ आणि ‘दऱ्याखोऱ्यांतली शेती’. एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाच्या. असं होऊच शकत नाही हे मला इतक्या वर्षांच्या सवयीने पक्कं माहीत होतं, म्हणून भिंग लावल्यासारखी अक्षरं मोठी करून पाहिली. काना-मात्रेचाही फरक नाही.

मग दोन्हींचे दुवे कोऱ्या पानावर एकाखाली एक चिकटवले. दुव्यात मराठी नाव गेलं की त्याचं टक्क्यांच्या खुणांचं लांबलचक भेंडोळं होतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइटांचं असतं आणि दुव्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरं खातो. म्हणजे एका ‘द’साठी नऊ अक्षरं. पण हे भेंडोळं दोन्हीकडे सारखं असायला हवं होतं आणि इथे एक ओळ दुसरीपेक्षा लांब दिसत होती. मोजलं. नावाचा भाग एकीत १७४ अक्षरांचा, दुसरीत १९२. अठराचा फरक, म्हणजे दोन चिन्हं जास्त. नावात ‘ऱ्या’ही दोनदाच येतो.

आमच्या अंकाची मांडणी करणाऱ्या काकांना फोन लावला. ते तीस वर्षं मराठी अक्षरजुळणी करतायत. त्यांनी अर्धं वाक्य ऐकलं आणि म्हणाले, “तुझा ‘ऱ्या’ दोन तऱ्हेचा आलाय.”

तर ते असं आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दऱ्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचा अंदाज द्यायचा. हा फरक मराठीला लागतोच, म्हणून तो झुकलेला अर्धा र लागतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, तो दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक, ०९३१ क्रमांकाचा वेगळा ऱ घेऊन पुढे हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डने टाइप करते, तिथे शिफ्ट धरून र दाबला की पहिल्या तऱ्हेचा ऱ येतो. फोनचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने लिहीत होता. मला एक नाव दिसत होतं, यंत्राला दोन.

दोन्ही तऱ्हा ग्राह्य आहेत, म्हणजे कीबोर्डने चूक केली असंही नाही. पण शोध घेणाऱ्या ॲपने दोन्ही एकच मानायला काय हरकत आहे? ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘नोकऱ्या’, ‘अपुऱ्या’ हे शब्द टाळून मराठीत एक परिच्छेद तरी लिहून दाखवा.

मी काय केलं ते सांगते. लेखाचं शीर्षक मराठीतच ठेवलं, टिपेच्या पहिल्या ओळीत, ठळक. फाइलचं नाव मात्र फक्त आकडे: अंकाचं वर्ष आणि लेखाचा क्रमांक. आकडे इंग्रजी घ्या, देवनागरी आकड्यांचंही तेच भेंडोळं होतं. आता शीर्षक दहा वेळा बदललं तरी दुवा तुटत नाही, आणि दिवाळी अंकात शीर्षक दहा वेळा बदलतंच. झोटेरोच्या दुव्यांनी मला कधी त्रास दिला नाही, त्याचं कारण आत्ता कळलं: त्यात नाव नसतंच, प्रत्येक नोंदीची आठ अक्षरी खूण असते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जॉपलिन हे टिपांचं ॲप पाहावं, त्यातही प्रत्येक टिपेला ३२ अक्षरी ओळख मिळते आणि दुवा तिच्यावर चालतो.

शोधताना ‘ऱ्या’ असलेला शब्द टाकूच नका, शेजारचा टाका. मी नुसतं ‘शेती’ टाइप केलं असतं तर पहिल्याच दिवशी दोन्ही टिपा समोर आल्या असत्या. आणि शोधात टीप नाही आली तर घाईत ‘नवी टीप’ दाबू नका, हे तर सर्वांत आधी सांगायला हवं होतं. हो, आणि एक दुवा तयार झाला की तो फोनवरून उघडून बघा, मग बाकीचे करा. मी २६ दुवे केले आणि सगळे फक्त लॅपटॉपवर तपासले.

सगळा फोल्डर चाळल्यावर अशी आणखी चार जुळी निघाली. ‘पायऱ्या’ या कवितेच्या जुळ्या टिपेत तर कवयित्रीचा बदललेला पत्ता होता, अंक जुन्या पत्त्यावरच गेला असता.

छपाईला दोन दिवस होते. जुन्नरला फोन केला, झालं ते सगळं सांगितलं आणि अकरा दुरुस्त्या एकेक करून वाचून दाखवल्या. वरई जागेवर आली. ते ऐकत होते, मधे मधे “बरोबर” म्हणत होते. शेवटी म्हणाले, “उघडलंच आहे तर बारावी घ्या.” मी फोनवरच यादीतल्या कामावर बोट ठेवलं, टीप उघडली, आणि अकराव्याच्या खाली बारावी लिहिली.