आतल्या बाजूने वाचलेला कप

आमच्याकडे लिलावासाठी वस्तू आली की किमतीचा विचार नंतर. आधी एकच प्रश्न असतो, ती शंभरीच्या अलीकडची की पलीकडची? १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मग परदेशातून फोनवर बोली लावणारा कितीही उत्सुक असो, त्याला वस्तू इथेच ठेवावी लागते. म्हणून कप असो, ढाल असो, पदक असो, मी पहिल्यांदा तिचं जन्मसाल शोधते. खेळांच्या जुन्या वस्तूंची यादी करणं, त्यांचं वर्णन लिहिणं आणि अंदाजे किंमत ठरवणं हे माझं काम. त्या दिवशीही मी इतकंच करायला बसले होते.

पुण्याहून एक काका आले होते. निवृत्त, नीटनेटके, आयुष्यभर क्रिकेटच्या वस्तू जमवलेले. मोठं घर विकून लहान घेतलं होतं, त्यामुळे संग्रह कमी करायचा होता. त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणलेला दोन कानांचा चांदीचा कप टेबलावर ठेवला आणि तो आपणहून माझ्याकडे वळवला. समोर वळणदार इंग्रजी अक्षरांत मजकूर होता : बॉम्बे क्वाड्रँग्युलर, १९२३, विजयी हिंदू संघातील खेळाडूस सप्रेम भेट.

१९२३ हे साल वाचल्यावर क्रिकेटचा इतिहास माहीत असलेला मराठी माणूस थांबतोच. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांच्या त्या स्पर्धेत त्या वर्षी हिंदूंचे कप्तान होते विठ्ठल पालवणकर. त्यांचे थोरले बंधू बाळू, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे गोलंदाज. त्यांना जातीमुळे हे कप्तानपद कधी देण्यात आलं नव्हतं. धाकट्याला ते मिळालं आणि संघाने युरोपियनांना हरवलं. त्या विजयाची वस्तू हातात येणार म्हटल्यावर माझंही काळीज धडधडलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मी कप उलटा केला आणि भिंग लावलं.

लोक आमच्याकडे ज्या ट्रॉफ्या आणतात, त्यातल्या पुष्कळशा चांदीच्या नसतातच. तळाशी छोट्या-छोट्या चौकटींत ई, पी, एन, एस अशी चार अक्षरं असतात. निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा, एवढाच त्याचा अर्थ. चौकटींमुळे ते छाप अस्सल वाटतात आणि घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या समाधानात राहतात. हा कप मात्र खरा होता. बनवणाऱ्याची आद्याक्षरं, चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि शेजारी सालाचं अक्षर. त्याच्याही पलीकडे पाचवा छाप होता. एका चौकटीत दोन मुकुटधारी चेहरे, एकामागे एक.

“तो राजा-राणीचा छाप आहे ताई,” काका म्हणाले. “मला विकणारा म्हणाला, हजारात एखाद्याच कपावर असतो. राजघराण्यासाठी काढलेली खास चांदी.”

छाप राजा-राणीचाच होता. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी. पण तो राजघराण्याच्या चांदीचा नव्हे. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला १९३५ मध्ये पंचवीस वर्षं झाली, त्या रौप्यमहोत्सवानिमित्त इंग्लंडमधल्या चांदीकामावर हा जादा छाप मारायची मुभा होती, तीही १९३३ ते १९३५ च्या आसपास. सालाचं अक्षरही तेच सांगत होतं, १९३४-३५. (त्या काळी बर्मिंगहॅमचं अक्षर वर्षाच्या मध्यावर बदलायचं, म्हणून एका अक्षराला दोन सालं जोडून लिहितात.) जो कप १९३४ च्या आधी घडवलाच गेला नाही, तो १९२३ च्या विजयाबद्दल कोणी कसा देणार?

उशिरा दिलेली भेट असू शकते, ही शक्यता मी सोडली नाही. जुन्या विजयाची आठवण म्हणून बारा वर्षांनी कप देणारेही असतात. त्याचा निकाल अक्षरं लावतात. म्हणून मी खिडकीपाशी गेले आणि कोरीवकाम तिरप्या उजेडात धरलं. चांदीचा कप दर सणासुदीला, दर सामन्याला पुसला, घासला जातो. त्या घासण्याच्या बारीक रेघा सगळ्या अंगावर पडतात आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा हळूहळू बोथट होतात. इथे उलट होतं. रेघा आधीच्या आणि अक्षरं त्यांना कापून गेलेली. कडा बोटाला लागत होत्या. नव्वद वर्षांत बोटाला लागणारी कड टिकत नाही.

मी आमच्या मामांना हाक मारली. मामा म्हणजे आमच्याकडचे चांदीचे कारागीर. पोचे काढणं, निखळलेले कान झाळणं, उजाळा देणं ही त्यांची कामं. चांदीच्या बाबतीत मी पुस्तकातून शिकले, ते हातातून. त्यांनी मजकुरावर अंगठा टेकवून हलकेच दाबला. पत्रा दबला. त्याच उंचीवर कपाच्या मागच्या बाजूला दाबलं, तिथे तो ढिम्म हलला नाही.

“इथं कानस मारलीय,” मामा म्हणाले. “जुनं नाव काढलंय. वर नवीन चांदी चढवलीय, म्हणून डाग दिसत नाही.”

चांदीवर तोंडाची वाफ सोडली की खरवडलेली अक्षरं क्षणभर धुक्यात उमटतात, ही या धंद्यातली जुनी युक्ती. मी वाफ सोडून पाहिली. वरच्या नव्या थराने तीही वाट बंद केली होती. मजकुराचा भाग एकसारखा पांढरा झाला आणि एकसारखाच निवळला.

मग मामांनी कपाच्या आत हात घातला. डोळे मिटून बोटं फिरवली आणि माझं मनगट धरून म्हणाले, “तुम्ही घाला हात.”

आत खरखर होती. बारीक-बारीक उंचवटे, रांगेत.

भांड्यांवर नाव घालून देणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. बाजारात बसून, छोट्या छिन्नीवर टकटक करत ताटावर, तांब्यावर आजीचं नाव घालून देतात. विलायती कोरक्या धातू कापून अक्षर काढतो. त्यात धातू निघून जातो, पाठीमागे काही उमटत नाही. नाव घालणारा मात्र धातू ठोकतो. पत्रा पातळ असला की ठोकलेला प्रत्येक टिंब पाठीमागून किंचित वर येतो. ज्याने कानस चालवली त्याने बाहेरून सगळं सपाट केलं. आत बघायचं त्याला सुचलं नाही, किंवा हात पोचला नाही.

पुढचा तासभर माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात एकाग्र तास असेल. मामांनी बटर पेपरचा तुकडा कापून आत चिकटपट्टीने बसवला. मी मऊ पेन्सिल आडवी धरून, मनगट वाकवून, अगदी हलक्या हाताने घासत गेले. जोर दिला तर कागद फाटतो, कमी दिला तर काही उमटत नाही. पहिला कागद फुकट गेला. दुसऱ्यावर टिंबं उठली, उलटी. कागद पालथा करून खिडकीच्या काचेला लावला. काका माझ्या मागे उभे होते. पहिला शब्द त्यांनीच वाचला.

“हुतुतू.”

मजकूर देवनागरीत होता. वरच्या ओळीत ‘हुतुतू सामने’, त्याखाली एक शब्द पूर्ण गेलेला आणि पुढे ‘व्यायाम मंडळ, परळ’. मग ‘विजयी संघ’ आणि ‘सन १९३५’. त्याखाली नावांची रांग. नावं अर्धीमुर्धीच लागली. कुठे नुसतं आडनावाचं शेपूट, कुठे पहिली दोन अक्षरं. शेवटच्या नावापुढे ‘कप्तान’ असं स्पष्ट होतं, नाव नव्हतं.

परळ, १९३५. गिरण्यांचा भाग. पाळी सुटल्यावर मातीच्या पटांगणात खेळणारी माणसं. त्यांना बर्मिंगहॅमचा अस्सल चांदीचा कप कोणी दिला असेल, गिरणीच्या मालकाने, एखाद्या शेटजीने, की वर्गणी काढून मंडळानेच विकत घेतला, हे कपावर लिहिलेलं नव्हतं. पण दम कोंडून खेळायच्या या खेळाला, म्हणजे आजच्या कबड्डीला, तेव्हा देशभर एकच नाव नव्हतं, राष्ट्रीय महासंघ १९५० मध्ये झाला, आशियाई स्पर्धांतलं पदक १९९० साली बीजिंगला मिळालं. त्याआधीच्या काळातल्या वस्तू म्हणाल तर हाताशी जवळजवळ काही नाही. खेळाला साहित्यच लागत नसे. बॅट नाही, चेंडू नाही, टोपी नाही. मागे उरणार काय? एखादा फोटो, आणि असा एखादा कप. त्या दृष्टीने मी आजवर हाताळलेल्या सगळ्या ट्रॉफ्यांत ही दुर्मीळ होती, आणि कोणीतरी तिच्यावरून कानस फिरवली होती.

काका खुर्चीत बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो माणूस चोर आहेच. पण ताई, हुतुतूचा कप म्हणून त्याने आणला असता तर मी हातात घेतला नसता. त्याला ते माहीत होतं.”

यात त्यांच्या एकट्याचा दोष नाही. बाजारच तसा आहे. शेन वॉर्नची कसोटीची टोपी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी लिलावात निघाली आणि दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. त्याच वर्षी अझर अलीची त्रिशतकाची बॅट पुण्याच्या क्रिकेट संग्रहालयाने लिलावात घेतली. इंग्लंडमध्ये एफए कपाची १८९६ ते १९१० या काळात वापरलेली ट्रॉफी ७ लाख ६० हजार पौंडांना गेली, तीही २०२० मध्येच. असे आकडे छापून आले की दुसऱ्या दिवशी आमचे फोन वाजायला लागतात. आणि आपल्याकडे? खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरच्या कुस्ती अकादमीसाठी ते लिलावात काढायची तयारी घरच्यांनी २०१७ साली बोलून दाखवली, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं. मातीतल्या खेळांच्या वस्तूंना भाव नसतो, म्हणून त्या मोडीत जातात, नाहीतर त्यांच्या अंगावर क्रिकेट चढतं. मला याचा मनापासून राग आहे. चांदी पुन्हा आटवता येते, कप पुन्हा घडवता येतो. त्यावरची नावं एकदाच घातलेली असतात.

काका त्या व्यापाऱ्याकडे जाऊन आले. “मी जसा घेतला तसा दिला” यापलीकडे उत्तर मिळालं नाही. त्यांच्याकडे पावतीही नव्हती. जुन्या वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, पावतीवर वस्तूचं पूर्ण वर्णन लिहून घ्या, सालासकट. त्याला विकणारा कां कूं करत असेल तर तिथेच उठा.

क्वाड्रँग्युलरचा कप म्हणून तो आम्ही यादीत घेणार नव्हतो, हे उघडच होतं. मामांचं म्हणणं पडलं, खोटा मजकूर मी काढून देतो, निदान कप स्वच्छ होईल. मी नको म्हटलं. एक तर पत्रा आधीच पातळ झालेला, आणखी एक कानस त्याला सोसली नसती, आतले टिंबही गेले असते. आणि खोटा मजकूर हाही आता त्या कपाच्या बाबतीत घडून गेलेल्या गोष्टींचा पुरावा आहे. काकांनी दोन दिवस विचार केला. मग त्यांचा फोन आला, “आहे तसा लावा. सगळं लिहा.”

आम्ही सगळं लिहिलं. बर्मिंगहॅम, १९३४-३५, रौप्यमहोत्सवी छापासह. मूळ देवनागरी मजकूर पुसलेला, आतल्या बाजूने अंशतः वाचनीय. बाहेरचा इंग्रजी मजकूर नंतरचा आणि खोटा. शंभरीच्या अलीकडचा, त्यामुळे परदेशी बोलीला अडचण नाही. पेन्सिलीने घेतलेल्या ठशाचा फोटो कपाच्या फोटोइतकाच मोठा छापला. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, चांदीच्या वजनाच्या थोडी वर ठेवली.

लिलावाच्या दिवशी एक सराफ मोडीचा हिशोब करून आला होता. तो लवकरच थांबला. पुढे दोघेच राहिले. एक फोनवर, एक सभागृहात मागच्या रांगेत. किंमत काकांनी मोजलेल्या रकमेच्या निम्म्यालाही पोचली नाही, पण राखीव किमतीच्या तिपटीवर हातोडा पडला. मागच्या रांगेतल्या बाईंनी घेतला. त्यांचे वडील गिरणीत होते आणि रविवारी हुतुतू खेळत, एवढं त्यांनी कागदपत्रांवर सही करताना सांगितलं. त्या यादीतली नावं त्यांच्या ओळखीची नाहीत. त्यांना ती शोधायची आहेत, आणि मलाही.

म्हणून हे लिहिते आहे. परळ, लालबाग, शिवडी, करी रोड, या भागात तुमचे आजोबा-पणजोबा राहिले असतील आणि घरात कुठे एखादा जुना गटफोटो असेल, चड्ड्या घातलेले, उघड्या अंगाचे, मध्ये जमिनीवर ठेवलेला दोन कानांचा कप, तर तो चौकटीतून काढून मागची बाजू बघा. फोटो काढणारे तिथे तारीख आणि मंडळाचं नाव लिहीत. साल १९३५ असेल आणि मंडळ परळचं असेल, तर आम्हाला न लागलेला तो पहिला शब्द तुमच्याकडे असू शकतो. कप्तानाचं नावही.